‘डोन्ट हेझिटेट टू आस्क’ म्हटलं तरी कुणी विचारत का नाही?

कॉलेजच्या प्रवेशाचा मेल असो, म्युच्युअल फंडाचं माहितीपत्रक असो की परदेशातल्या प्राध्यापकाने पाठवलेला सेमिस्टरचा अभ्यासक्रम असो, शेवटी एक वाक्य ठरलेलं असतं: ‘इफ यू हॅव एनी क्वेश्चन्स, प्लीज डू नॉट हेझिटेट टू आस्क.’ हल्ली ते मराठीतही सर्रास दिसतं. ‘काही शंका असल्यास निःसंकोच विचारा.’ सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, शाळेच्या पालकसभेत, बँकेच्या काउंटरवर चिकटवलेल्या कागदावरही.

लिहिणारा बहुतेक वेळा ते मनापासून लिहितो. तरी प्रश्न येत नाहीत. मग एक दिवस काहीतरी चुकतं, मुदत टळते, पैसे भलत्याच योजनेत जातात, आणि दोन्ही बाजूंनी ऐकू येतं, ‘अहो, विचारायचं तरी!’ आणि ‘विचारणार कसं?’ या दोन वाक्यांमध्ये नेमकं काय अडतं, यावर भाषाशास्त्रात आणि मानसशास्त्रात बरंच काम झालं आहे. ते समजून घेतलं तर हे इंग्रजी वाक्य कुठे वापरावं, कुठे टाळावं आणि त्याच्या जोडीला काय द्यावं, हे ठरवणं सोपं जातं.

## वाक्य आज्ञेचं, तरी आदराचं कसं?

व्याकरणाने पाहिलं तर ‘डू नॉट हेझिटेट’ हा सरळ हुकूम आहे. ‘संकोच करू नका.’ तरी तो उद्धट वाटत नाही. ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जेफ्री लीच यांनी १९८३ मध्ये याचं कारण नीट मांडलं. सांगितलेल्या कामाचा फायदा कुणाला होणार, यावर आज्ञेचा सूर ठरतो. ‘माझी बॅग उचल’ यात फायदा सांगणाऱ्याचा, म्हणून ते टोचतं. ‘बसा ना’, ‘जेवूनच जा’ यात फायदा ऐकणाऱ्याचा, म्हणून तिथे आज्ञा हाच आग्रह होतो, आणि आग्रह म्हणजे आपुलकी.

‘डोन्ट हेझिटेट टू आस्क’ याच दुसऱ्या गटातलं. लिहिणाऱ्याने गृहीत धरलेलं असतं, की विचारण्यात सगळा फायदा समोरच्याचाच आहे. गोम इथेच आहे. विचारणाऱ्याला त्या क्षणी फायदा दिसतच नाही, किंमत दिसते.

## ती किंमत कोणती?

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ अर्विंग गॉफमन यांनी १९५५ मध्ये ‘फेस’ ही कल्पना मांडली. चारचौघांत आपली जी पत असते, जो आब आपण राखून असतो, तो म्हणजे फेस. पुढे १९७८ मध्ये पेनेलोपी ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन यांनी दाखवलं, की जगभरातल्या भाषांमधला बराचसा विनय हा आपला आणि समोरच्याचा आब सांभाळण्यासाठीच असतो.

प्रश्न विचारताना दोघांच्याही आबाला धक्का लागण्याची भीती असते. ‘मला हे कळलं नाही’ असं म्हणताच माझं अज्ञान उघडं पडतं, आणि समोरच्याचा वेळ मी मागतो, तेही बहुधा तो कामात असताना. शिवाय त्याने समजावलेलं कळलं नाही म्हटलं, की त्याचं समजावणंच कमी पडलं असाही अर्थ निघतो. मोठ्या माणसासमोर हे सगळं दुपटीने जाणवतं.

तालुक्याच्या गावातल्या एखाद्या दवाखान्यात तासभर बसलं तर हे डोळ्यांनी दिसतं. सकाळपासून बाकावर नंबर लावून बसलेल्या, साठीला टेकलेल्या बाई आत जातात. रक्तातली साखर वाढलेली असते. डॉक्टर चिठ्ठीवर गोळ्या लिहितात, एकीपुढे १-०-१, दुसरीपुढे १-०-०, पथ्य सांगतात आणि पेनाचं टोपण लावता लावता विचारतात, ‘काही विचारायचंय का?’ बाई मान हलवतात. ‘नाही डॉक्टर.’ दोन मिनिटांनी त्याच बाई शेजारच्या मेडिकलच्या काउंटरला टेकून गोळ्या पाकिटात भरणाऱ्या पोराला विचारत असतात, ‘ही जेवायच्या आधी का नंतर रे? आणि चतुर्थीला घ्यायची का?’

त्यांचा प्रश्न किरकोळ नाही. साखरेच्या काही गोळ्या अशा असतात, की घेऊन माणूस उपाशी राहिला तर साखर एकदम खाली जाते, घाम फुटतो, चक्कर येते, शुद्धही हरपू शकते. म्हणजे त्या दिवशीचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न डॉक्टरांच्या खोलीत न विचारता बाहेर विचारला गेला. कारण लावलेलं टोपण त्यांनी पाहिलं होतं, दारातून डोकावणारा पुढचा नंबर पाहिला होता, आणि ‘उपास’ हा शब्द डॉक्टरांपुढे काढला तर ओरडा बसेल असंही वाटलं होतं. मेडिकलमधल्या पोरापुढे यातलं काहीच नव्हतं.

‘विचारायचंय का?’ हे डॉक्टरांनी मनापासूनच विचारलं असणार. पण बोलावणारा आणि येणारा यांना दार सारखं दिसत नाही. व्हेनेसा बोन्स आणि फ्रँक फ्लिन या अमेरिकी संशोधकांनी २०१० मध्ये नेमकं हेच तपासलं. मदत देण्याच्या जागी बसलेल्या लोकांना त्यांनी अंदाज करायला सांगितला, की तुमच्याकडे किती जण मदत मागायला येतील? लोकांनी सांगितलेला आकडा प्रत्यक्ष येणाऱ्यांपेक्षा जास्त निघाला. मागणाऱ्याला जी लाज वाटते तिचा अंदाजच देणाऱ्याला येत नाही. पुढची गोष्ट आणखी बोलकी आहे. लोकांनी मदत मागावी म्हणून देणारे मदतीचे फायदे सांगत बसतात. मागणाऱ्याला हवं असतं ते अवघडलेपण कमी करणारं काहीतरी.

एक वेगळी तुलना करून पाहू. ‘या एकदा घरी’ असं आपण वर्षानुवर्षं एकमेकांना म्हणतो. म्हणणाराही खोटं बोलत नसतो, तरी कुणी जात नाही. तेच ‘रविवारी दुपारी जेवायलाच या, पुरणपोळ्या आहेत’ म्हटलं, की माणसं बाराच्या ठोक्याला दारात. पहिल्या बोलावण्यात दिवस आपण निवडायचा, त्यांची सोय आपण ओळखायची, जास्त वेळ बसलो का याचा हिशोबही आपणच ठेवायचा. दुसऱ्यात हे सगळं यजमानाने उचललं. ‘डोन्ट हेझिटेट’ हे ‘या एकदा घरी’च्या जातीचं बोलावणं आहे.

## सगळा वर्ग गप्प, म्हणजे सगळ्यांना कळलं?

एकट्या माणसाचा संकोच घोळक्यात आणखी वाढतो. डेल मिलर आणि कॅथी मॅकफार्लंड यांनी १९८७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांच्या छोट्या गटांना मुद्दाम न कळणारा उतारा वाचायला दिला आणि सांगितलं, फारच अडलं तर बाहेर येऊन विचारा. कुणीही गेलं नाही. नंतर विचारल्यावर प्रत्येकाचं म्हणणं साधारण असं, की इतरांना माझ्यापेक्षा जास्त कळलं असणार. स्वतः गप्प बसलो ते लाजेमुळे, हे प्रत्येकाला माहीत होतं. दुसरा गप्प बसला तो त्याला कळलं म्हणून, असं मात्र प्रत्येकाने धरून चाललं.

मीटिंगमध्ये ‘एनी क्वेश्चन्स?’ म्हटल्यावर पसरणारी शांतता ही अशी असते. वीस जणांना कळलेलं नाही आणि वीसही जण इतर एकोणीस जणांच्या चेहऱ्यांवरून ‘कळलं’ असं वाचत आहेत. ऑनलाइन मीटिंगमध्ये कॅमेरे बंद असतात, तेव्हा वाचायला चेहरेही उरत नाहीत.

त्यात आपण थांबतो तरी किती? मेरी बड रो या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९७०च्या दशकात शाळांच्या वर्गांतल्या ध्वनिफिती तपासल्या. प्रश्न टाकल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंद थांबत होते आणि मग स्वतःच पुढे बोलू लागत होते. हीच वाट तीन सेकंदांपर्यंत नेली, तर मुलांची उत्तरं लांबली, एरवी गप्प असणारी मुलं बोलली आणि मुलांकडून येणारे प्रश्नही वाढले. तीन सेकंद बोलणाऱ्याला भलतेच मोठे वाटतात. मनात वाक्य जुळवणाऱ्याला, त्यातही इंग्रजीत जुळवणाऱ्याला, ते जेमतेम पुरतात.

## शब्द बदलून खरंच फरक पडतो?

पडतो, आणि कधी कधी एका शब्दाने. जॉन हेरिटेज आणि सहकाऱ्यांचा २००७ मधला अभ्यास यासाठी पाहण्यासारखा आहे. अमेरिकेतल्या २० फॅमिली डॉक्टरांकडे आलेल्या २२४ रुग्णांनी त्यात भाग घेतला. आपल्याला कायकाय सांगायचं आहे, हे रुग्णांकडून आत जाण्याआधीच लिहून घेतलं होतं. काही डॉक्टरांनी विचारायचं, ‘इज देअर एनिथिंग एल्स?’ काहींनी विचारायचं, ‘इज देअर समथिंग एल्स?’ बाकी सगळं तेच. ज्यांच्या मनात एकाहून जास्त तक्रारी होत्या त्यांच्यापैकी ‘समथिंग’ ऐकणाऱ्यांच्या बाबतीत, एरवी न सांगता राहून गेल्या असत्या अशा तक्रारी ७८ टक्क्यांनी कमी झाल्या. ‘एनिथिंग’ने विशेष फरक पडला नाही. इंग्रजीत ‘एनिथिंग’चा कल नकाराकडे असतो, ‘समथिंग’ धरून चालतं की काहीतरी आहेच.

मराठीत दोन्हीकडे ‘काही’च येतं, त्यामुळे हा फरक जसाच्या तसा आपल्याकडे उतरत नाही. पण आपला ‘ना’ तेच काम करतो. ‘समजलं ना?’ या प्रश्नात उत्तर आधीच भरलेलं असतं. ‘कुणाला काही शंका नाही ना?’ याला ‘आहे’ म्हणायचं तर सरांच्या वाक्याच्या विरोधात उभं राहावं लागतं. त्यापेक्षा ‘यातला कोणता भाग अवघड गेला?’ असं विचारलं, की अवघड जाणं गृहीतच धरलं जातं. मुलाला फक्त कोणता ते सांगायचं उरतं.

दवाखान्यांसाठी याहून पुढची एक पद्धत आहे, तिला ‘टीच-बॅक’ म्हणतात. डॉक्टर म्हणतात, ‘मी नीट सांगितलं का, ते मला बघायचंय. घरी गेल्यावर सुनेने विचारलं, तर गोळ्या कशा घ्यायच्या म्हणून सांगाल?’ इथे परीक्षा डॉक्टरांच्या सांगण्याची आहे. बाई बोलू लागल्या की सकाळची गोळी, रात्रीची गोळी आणि मध्येच चतुर्थी, सगळं आपोआप बाहेर येतं.

## ‘आपल्याकडे मुळात प्रश्न विचारायची रीतच नाही’

हा आक्षेप नेहमी येतो आणि मला तो अर्धाच खरा वाटतो. घरात ‘उलट विचारू नकोस’ आणि वर्गात ‘मध्ये मध्ये बोलू नकोस’ हे ऐकत आपण वाढलो, हे खरं. पण प्रश्नोपनिषदाचं नावच प्रश्नांवरून पडलं आहे. सहा जिज्ञासू पिप्पलाद ऋषींकडे येतात. ऋषी त्यांना वर्षभर आश्रमात राहायला सांगतात आणि म्हणतात, ‘यथाकामं प्रश्नान् पृच्छत, यदि विज्ञास्यामः सर्वं ह वो वक्ष्यामः’. हवे ते प्रश्न विचारा, आम्हाला माहीत असेल तर सगळं सांगू. ‘निःसंकोच विचारा’च आहे हे, पण त्याला जोडून ‘माहीत असेल तर’ असं ऋषी म्हणतात. गुरूने स्वतःच्या अज्ञानाची शक्यता आधी मोकळी केली. शिष्याचं अज्ञान मग तेवढं लाजिरवाणं उरत नाही. शिवाय एक वर्ष एकत्र राहायला सांगितलं आहे, ओळख झाल्यावर विचारा म्हणून.

उलट उदाहरणही आपल्याच परंपरेत आहे. बृहदारण्यक उपनिषदात विदुषी गार्गी भर सभेत याज्ञवल्क्य ऋषीला एकामागून एक प्रश्न विचारते आणि तो तिला बजावतो, ‘मातिप्राक्षीः’, अति विचारू नकोस, डोकं गळून पडेल. गार्गी तेव्हा थांबते, पण पुढे त्याच सभेत पुन्हा उभी राहून दोन प्रश्न विचारते. म्हणजे दोन्ही रीती जुन्या आहेत. कोणती चालवायची हे वर्गावर, घरावर आणि ऑफिसवर आहे.

## संकोचाने जीव जातात तिथे काय करतात?

२७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांवरच्या तेनेरीफच्या विमानतळावर धुक्यात दोन बोइंग ७४७ विमानं, एक डच कंपनी केएलएमचं आणि दुसरं अमेरिकेच्या पॅन अमेरिकनचं, धावपट्टीवर एकमेकांवर आदळली. ५८३ माणसं गेली. उड्डाणाची परवानगी मिळालेली नसताना केएलएमच्या कॅप्टनने विमान पळवायला सुरुवात केली होती. त्याच कॉकपिटमधल्या फ्लाइट इंजिनिअरने विचारलं होतं, ते पॅन अमेरिकनचं विमान अजून बाजूला झालेलं नाही का? कॅप्टन ठामपणे ‘झालंय’ म्हणाला. कॅप्टन कंपनीतला अतिशय ज्येष्ठ, इतरांना शिकवणारा. इंजिनिअरने पुन्हा विचारलं नाही. काही सेकंदांत टक्कर झाली.

यानंतर विमान कंपन्यांनी कनिष्ठांना फक्त ‘बिनधास्त विचारा’ सांगून भागवलं नाही. कनिष्ठाने कसं बोलायचं आणि ज्येष्ठाने ते कसं ऐकायचं, याचं प्रशिक्षणच सुरू झालं. १९७९ मध्ये नासाने यावर कार्यशाळा घेतली आणि १९८०च्या दशकात हे प्रशिक्षण कंपन्यांमध्ये पसरत गेलं. शस्त्रक्रियेच्या खोलीतही असंच घडलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८च्या तपासणी यादीत चिरा देण्याआधी प्रत्येकाने आपलं नाव आणि काम मोठ्याने सांगायचं असतं. एकदा तोंड उघडलं, की नर्सला ‘सर, डावा पाय ना?’ विचारणं कमी जड जातं. दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत ही यादी वापरून पाहिली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. यादीत इतरही बऱ्याच गोष्टी होत्या, त्यामुळे सगळं श्रेय नाव सांगण्याला देता येणार नाही. पण यादी करणाऱ्यांनी संकोचाला सुरक्षेचा प्रश्न मानलं, हे महत्त्वाचं.

## कायद्याने संकोच कसा कमी केला

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण मला आपल्याच देशात दिसतं. सरकारी कार्यालयात प्रश्न विचारणं हा आपल्याकडचा सगळ्यात अवघड प्रसंग. ‘तुम्हाला कशाला हवंय?’ हा एकच उलट प्रश्न माणसाला परत पाठवायला पुरतो. महाराष्ट्राने २००२ मध्ये स्वतःचा माहिती अधिकाराचा कायदा केला आणि ऑक्टोबर २००५ पासून केंद्राचा कायदा, तेव्हा जम्मू-काश्मीर वगळून, देशभर लागू झाला.

या कायद्यात ‘निःसंकोच विचारा’ असं कुठेही लिहिलेलं नाही. कलम ६(२) म्हणतं, माहिती का हवी याचं कारण अर्जदाराला विचारता येणार नाही. ‘कशाला हवंय?’ची वाटच बंद. कुणाला विचारायचं हे ठरलेलं, प्रत्येक कार्यालयात जन माहिती अधिकारी असतो. लिहिता येत नसेल तर तोंडी विचारणाऱ्याला अर्ज लिहून काढायला मदत करणं हे त्या अधिकाऱ्याचं काम. शुल्क १० रुपये, आपल्याकडे बहुतेक जण अर्जाला कोर्ट फी स्टॅम्प लावतात. दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाही. उत्तर ३० दिवसांत, आणि प्रश्न कुणाच्या जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा असेल तर ४८ तासांत. नाकारलं तर कारण द्यायचं आणि अपील कुणाकडे करायचं तेही कळवायचं. विनाकारण उशीर केल्यास अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये दंड, जास्तीत जास्त २५,००० रुपयांपर्यंत.

एखाद्या गावातला शेतकरी ‘रस्त्याच्या कामाचं मोजमाप पुस्तक बघायचंय’ असं लिहून देतो, तेव्हा त्याच्यापाशी धीटपणा मोठा असतो असं नाही. धीटपणा कमी लागावा अशी सोय त्याच्या हातात असते.

सगळं आलबेल आहे असं मी म्हणणार नाही. २०१२ पासून महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा आहे. माहिती आयोगाकडची अपिलं तुंबलेली असतात. आणि विचारण्याची खरी भीतीही असते. जमीन व्यवहारांची माहिती काढणारे तळेगाव दाभाड्याचे कार्यकर्ते सतीश शेट्टी यांचा जानेवारी २०१० मध्ये खून झाला. अशा ठिकाणी संकोच हा स्वभावाचा दोष नसतो. तो परिस्थितीचा अंदाज असतो, आणि त्याला संरक्षण हेच उत्तर आहे.

## ‘सगळेच विचारायला लागले तर वेळ कुठून आणायचा?’

रास्त शंका आहे, विशेषतः साठ पेशंट तपासणाऱ्या डॉक्टरला किंवा सत्तर मुलांच्या वर्गाला. पण ‘समथिंग’च्या त्या अभ्यासात जास्त तक्रारी बाहेर येऊनही भेटीची वेळ वाढली नव्हती. न विचारलेला प्रश्न नाहीसा होत नाही. तो आठवड्याने दुप्पट काम घेऊन परत येतो.

वेळ वाचवायचा तर तो बांधून द्यावा. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो, तो अशी वेळ बांधून दिल्यामुळेच लोकांच्या लक्षात राहतो. अमेरिकेत शिकायला गेलेल्या मुलांना ‘ऑफिस अवर्स’ भेटतात. त्या तासात प्राध्यापक फक्त विद्यार्थ्यांसाठी बसलेले असतात. आपली मुलं पहिल्या सेमिस्टरला तिकडे फिरकत नाहीत, कारण सरांच्या केबिनमध्ये उगाच जायचं नसतं हे अंगात भिनलेलं. ज्यांची मुलं यंदा जात असतील त्यांनी हे आवर्जून सांगावं: तो तास मुलांचाच आहे, रिकामा गेला तर प्राध्यापक एकटेच बसून राहतात.

## ‘विचारलं तर अडाणी दिसेन’

बहुतेक वेळा उलट होतं. ॲलिसन वुड ब्रुक्स, फ्रान्चेस्का जिनो आणि मॉरिस श्वाइट्झर यांच्या २०१५ मधल्या अभ्यासात सल्ला विचारणारी माणसं न विचारणाऱ्यांपेक्षा जास्त हुशार मानली गेली. काम अवघड असेल आणि प्रश्न त्यातल्या जाणकारालाच विचारला असेल तर विशेष. अगदी सोप्या गोष्टीला हे लागू नाही. मेलमध्ये वर लिहिलेली तारीख पुन्हा विचारली तर समोरचा वैतागणारच. म्हणून आधी आपण वाचावं, शोधावं, आणि कुठपर्यंत कळलं ते सांगून पुढचं विचारावं.

## मग हे वाक्य मेलमध्ये लिहावं की नाही?

लिहावं, त्यात वाईट काही नाही. औपचारिक मेलचा शेवट त्याने नीट होतो. मात्र ते कोण कुणाला म्हणतंय ते बघावं. विक्रेता ग्राहकाला, शिक्षक विद्यार्थ्याला, एचआर नव्या माणसाला म्हणतो तेव्हा ते शोभतं. कनिष्ठाने वरिष्ठाला ‘फील फ्री टू आस्क मी’ लिहिलं, तर आपण साहेबांना परवानगी देतोय असा सूर लागू शकतो. तिथे ‘आय विल बी हॅपी टू एक्स्प्लेन’ किंवा ‘लागेल ती माहिती पाठवतो’ हे बरं. मैत्रीतल्या मेलला ‘डू नॉट हेझिटेट’ जड होतं, ‘लेट मी नो’ पुरतं.

आणि खरोखर प्रश्न यावेत असं वाटत असेल, तर त्या ओळीआधी दोन ओळी घालाव्यात. माहिती अधिकाराच्या कायद्याने दिलं ते इथेही देता येतं: माणूस, वेळ आणि पहिल्या पावलाला हात. ‘पगाराच्या तक्त्यातला तिसरा रकाना जवळजवळ सगळ्यांना अडतो. गुरुवारी ४ ते ५ मी जागेवर आहे, फोन केला तरी चालेल.’ इंग्रजीत लिहायचं तर, ‘मोस्ट पीपल आस्क मी अबाउट द थर्ड कॉलम. आय ॲम फ्री ऑन थर्सडे, फोर टू फाइव्ह.’ पहिल्या वाक्याने अज्ञान सार्वत्रिक झालं, दुसऱ्याने दिवस ठरला.

हेच वाक्य आपल्याला आलं असेल, तर ते शिष्टाचार म्हणून सोडून देऊ नका. लिहून आलेलं आहे, त्याचा आधार घ्या. ‘ॲज यू मेन्शन्ड आय कुड आस्क’ अशी सुरुवात केली, की ओझं थोडं त्यांच्याकडे जातं. नव्या नोकरीचं पत्र हातात असेल, तर सही करण्याआधी एवढं तरी विचारा: सीटीसीतले, म्हणजे कंपनी आपल्यावर वर्षाला करणार त्या एकूण खर्चातले, किती पैसे दरमहा खात्यात जमा होणार, व्हेरिएबल म्हणून दाखवलेला भाग कशावर आणि कधी मिळतो, पीएफमधला कंपनीचा वाटा त्याच आकड्यात धरला आहे का, आणि नोटीस पीरियड ६० दिवसांचा की ९०. उत्तर फोनवर मिळालं, तर मेलवर पाठवायला सांगा.